तुझ्या सूर्यमालेत आपलं अंगण टाक

ये, अशी जवळ ये. कागदावर बोलून राह्यली म्हणून काय झालं, समोरचं माणूस जवळ बसल्याशिवाय मले बोलताच येत नाई. अन् आधी तुले रागवायचं आहे. दिवाळीले आली, पाच दिवस राह्यली, त्यातले तीन दिवस त्या लॅपटॉपात तोंड घालून. चकल्या तशाच डब्यात राह्यल्या. अन् जाताना एसटीच्या खिडकीतून म्हणते कशी, "आजी, माझ्या प्रोजेक्टमध्ये अजून काय काय टाकायचं ते सुचेल तसं लिहून पाठव हं!" वा गं शहाणे. कॉलेजात जायचं तू, शिकवायचं मास्तरानं, अन् अक्कल पुरवायची चौथी पास आजीनं. फोनवर सांगू म्हटलं तर तुझा फोन लागत नाई. लागला तर तू कुजबुजते, "क्लासमध्ये आहे." म्हणून ही वही घेतली. आता लांबण लागली तर तोंड वाकडं करायचं नाई. मागून घेतलं आहे तू.

ही वही तू तुझ्या मैत्रिणीईले दाखवणार, मले माहीत आहे. तर त्यांच्यासाठी सांगते. ही पोरगी माझ्या लेकीची लेक. ऊर्जानगरच्या क्वार्टरात वाढली, बाप तिथी वीज केंद्रात. तिच्या आभाळात चांदण्या कमी अन् चिमण्यांवरचे लाल दिवे जास्ती. आता नागपुरात कॉम्प्युटर शिकते. मी तिची आजी. माहेर गोंडपिपरीकडचं, दिलेली अहेरीकडच्या जंगलातल्या एका लहान गावात. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पुढचं मी माझ्या लेकीच्या पुस्तकातून तिच्या पाठीमागं बसून शिकली. अन् घरात अजून एक मोठी आजी आहे, म्हणजे माझी सासू. नव्वदीच्या आसपास असन. नेमकं तिलेही माहीत नाई अन् सरकारलेही नाई. आधार कार्डावर गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांसारखी तिचीही जन्मतारीख एक जानेवारी आहे.

तर पहिल्या दिवशीची दुपार. मोठी आजी बाजेवर बसून बरबटीच्या शेंगा सोलून राह्यली होती. तू तिच्या बाजूले लॅपटॉप ठेवला अन् म्हणाली, "बघा, मी सूर्यमाला बनवली."

मधात सूर्य, पिवळाजर्द. भोवताल बारीक रेघांची रिंगणं, अन् एकेका रिंगणावर एकेक गोळा. तू बटन दाबलं अन् सारे फिराले लागले. बुध तर असा पळे का त्याच्या मागं कुत्रं लागलं असावं. पृथ्वी दोन घोटात सूर्याभोवती फिरून आली. माझा चहा संपाच्या आत चार दिवाळ्या होऊन गेल्या. शनीच्या कमरेले कडं दिसलं तशी मोठी आजी म्हणाली, "याची चुंबळ घसरली वो. पाण्याचा गुंड फुटला काय याचा?"

तू हसली, पण मनातून तुले वाईट वाटलं, मले दिसलं. सहा महिने राबून बनवलेली वस्तू, अन् पहिली दाद मिळाली ती चुंबळीची. मंग तू एका गोळ्यावर बोट ठेवलं तर आतून एक बाई इंग्रजीत बोलाले लागली, नाक दाबून बोलल्यासारखी. मोठी आजी म्हणाली, "इले सर्दी झाली आहे. काढा दे."

माझ्या लेकीच्या पुस्तकात नऊ ग्रह होते, तुझ्यात आठ निघाले. नववा कुठी गेला विचारलं तर तू म्हणाली, तो फार लहान निघाला म्हणून त्याले ग्रहातून काढलं. लहान म्हणून पंगतीतून उठवते काय कोणी? तेवढ्यापुरतं तरी माझं ऐक, त्याले एका कोपऱ्यात पत्रावळ मांडून दे. ग्रह म्हणू नको पाहिजे तर. पाहुणा म्हण.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. तू एका निळ्या वाटाण्यावर बोट ठेवून म्हणाली, "ही पृथ्वी. आपण इथे आहोत."

मोठ्या आजीनं डोळे बारीक केले. "याच्यात आपलं घर कोणतं?"

"घर नाही दिसत, मोठी आजी. खूप लहान आहे ना ते."

"अन् मंग हे कोण पाहून राह्यलं?"

"म्हणजे?"

"अवो, आपण त्या वाटाण्यावर आहो म्हणते ना तू? मंग हे साऱ्यायले बाहेरून कोण पाहून राह्यलं? तू कुठी उभी आहे?"

तुझ्या कॉलेजात तुले हे कोणी विचारलं नसन. मास्तर काय विचारतात, रंग कोणता दिला, वेग किती ठेवला. ही बाई शेंगा सोलता सोलता विचारते, तू कुठी उभी आहे. तू म्हणाली, "वरून... म्हणजे कुठूनतरी वरून." मोठी आजी म्हणाली, "वरून तर आमच्या गावाले विमानवालेही पाहून जातात. त्यायले काय समजते आमचं?" अन् पुन्हा शेंगेत बोट घातलं.

म्हणून पहिली गोष्ट हीच लिहिते: तुझ्या सूर्यमालेत उभं राहाले एक जागा कर. अंगणातून दिसते तशी दाखव. चंद्र कुठून निघते, सूर्य हिवाळ्यात कोणत्या झाडामागून येते अन् उन्हाळ्यात कोणत्या, हे पाहणाऱ्याले आपलं वाटलं पाहिजे. वरून पाहाचं तेही राहू दे. दोन्ही ठेव, अन् मधात एक दार ठेव ये-जा कराले.

दुसरी अंतराची. मी तुले विचारलं, हे सारे एवढे खेटून काऊन बसवले? तू म्हणाली, "आजी, खरं अंतर दाखवलं तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. नुसता काळोख." मंग काळोख दाखव ना! मी माहेरी जाते तवा आलापल्लीपासून एसटीच्या खिडकीतून साग, साग अन् सागच दिसते. मधात एखादं गाव, दोन बकऱ्या, पुन्हा साग. कोणी म्हणते काय, हे जंगल काढा अन् गावं जवळ आणा? (म्हणतात काईजण, त्यायचं सोड.) जंगल एवढं लांब आहे म्हणूनच आष्टीचा पूल आला का जीव हरखते. तसं बुधापासून शुक्रापर्यंत बोटानं पडदा सरकवाले लाव. बोट दुखू दे पाहणाऱ्याचं. मंग गोळा आला का तो म्हणन, आला रे बाबा.

आवाजाचं काम तर आपण दुसऱ्या दिवशीच करून टाकलं, आठवते ना? तू मोबाइल मोठ्या आजीच्या तोंडापुढं धरला अन् एकेक ग्रह दाखवला. पहिल्यांदा ती लाजली, पदर सारखा केला. फोटो नाई, नुसता आवाज आहे म्हटलं तरी केला. अन् मंग सुरू झाली. "हा बुध. याले मी कवा पाह्यलं नाई. पुढं चल." "हा मंगळ. तांबडा राहते. लग्न जमवताना लोक याले उगाच मधात आणतात." "हा गुरू. अंगानं बरा आहे." अन् पृथ्वीवर आली तशी थांबली, अन् तुझ्याकडे पाहून म्हणाली, "ही आपली आहे. इथी सांभाळून चाल." तू ते पुसून पुन्हा बोलाले लावत होती, आवाजात कोंबडी आली म्हणून. खबरदार पुसशील तर. कोंबडी राहू दे.

आता मुद्द्यावर येते. मी तुले सहज विचारलं होतं, "हे मागं जाते काय?"

"मागे म्हणजे?"

"म्हणजे माझ्या लग्नाच्या साली."

तू म्हणाली, "आजी, माझ्या प्रोजेक्टमध्ये तारीखच नाहीये अजून. ग्रह नुसते फिरतात. कोणत्या दिवशी कोणता कुठे, ते गणित घातलं नाही." मी म्हटलं, मंग हे घड्याळ आहे का भिंगरी? तुले ते लागलं. चांगलं झालं लागलं. तू विचारलं, लग्नाच्या सालाचं काय काम? तवा मी तुले अर्धंच सांगतलं, कारण मोठी आजी समोर होती. आता सारं सांगते.

माझं लग्न झालं उन्हाळ्यात, मोहाची फुलं पडून संपल्यावर. माझ्या माहेरी धानाची शेती. मोहाचं झाड पाह्यलं होतं, पण त्याच्या फुलासाठी माणसं झोप मोडतात हे माहीत नव्हतं. इथी घरोघरची झाडं ठरलेली. झाडाखालचा पाला झाडून जागा अशी साफ करतात जशी पंगत बसणार आहे. पहाटे फुलं टपटप गळतात. उजेड व्हायच्या आत टोपली घेऊन पोहोचलं नाई तर ढोरं खातात, हरणं खातात, अन् अस्वलाची मर्जी असली तर अस्वल खाते, त्याले तर नाई म्हणताच येत नाई.

लग्नानंतरचा तो माझा पहिला मोह. चार दिवस सासू स्वतःच उठली अन् साऱ्यायले उठवलं. पाचव्या दिवशी तिची कंबर धरली. जेवणं झाल्यावर मले म्हणाली, "आज तू जाग. सुकीर निघाली का मले उठव." शुक्राची चांदणी म्हणजे आमच्याकडे सुकीर. उगवतीले निघते, मोठी, ढणढण पेटल्यासारखी. ती दिसली का निघाचं, असं इथलं सांगणं. मी मान हलवली. नव्या सुनेले दुसरं काय येते?

मी अंगणात उखळापाशी बसली, तोंड उगवतीकडे. घरातले सारे झोपले. मी आभाळाकडे डोळे लावून. एक चांदणी वर आली, म्हटलं हीच काय? पण ती बारीक. दुसरी आली, तीही बारीक. निघन, म्हटलं, कुठी जाते. डोळ्यात पाणी मारलं. मांडीले चिमटे घेतले. कोंबडा आरवला. मी मनात म्हटलं, आत्याबाईनं कोंबड्याचं तर काई सांगतलं नाई. पुन्हा आरवला. तांबडं फुटलं. तरी मी बसलेलीच. आता हसू नको. नवी होती मी. सासूनं चांदणी निघाली का उठव म्हटलं होतं, अन् चांदणी निघाली नव्हती. तिच्याआधी उठवलं अन् ती म्हणाली, काऊन उठवलं, तर?

मंग शेजारची बाई भरली टोपली डोक्यावर घेऊन परत येताना दिसली. अंगणापाशी थांबून म्हणाली, "काऊन वो, तुमच्याकडे सुतक आहे काय? मोहाखाली कोणी दिसलं नाई!"

तिच्या आवाजानं सासू उठली. आम्ही पळत झाडाखाली गेलो तर गावची ढोरं तिथी आरामात उभी, तोंडं गोड करून. दोन गाई तर आमच्याकडे अशा पाहून राह्यल्या होत्या जशा आम्हीच उशिरा आलेले पाहुणे. जिथी चार टोपल्या निघाच्या तिथी एकीचं बूड झाकलं नाई. तो त्या सालचा फुलांचा सगळ्यात मोठा पाड होता म्हणे. म्हणे काय, साऱ्या गावानं चार दिवस तेच सांगतलं.

सासू मले रागावली नाई. रागावली असती तर बरं झालं असतं. ती शेजारणीले एवढंच म्हणाली, "नवी आहे. झोपली असन."

काय म्हणू? तुमची चांदणीच आली नाई म्हणू? कोणी ऐकलं असतं? चांदणी काय एसटी आहे, एखाद्या दिवशी नाई आली म्हणाले? तुझा आजोबा त्या दिवशी साऱ्यात उशिरा उठला, पण त्याले कोणी काई म्हटलं नाई. पुरुषाचं झोपणं म्हणजे थकवा अन् सुनेचं झोपणं म्हणजे वळण.

तेव्हापासून ते जे सुरू झालं. कुठं लग्नाले उशिरा पोहोचली का बायका म्हणणार, "काऊन, सुकीर निघाली नाई काय अजून?" भाकरी करपली का, "चांदणीकडे पाहत होती काय?" तुझ्या आईचं बारसं होतं तरी हेच. मी हसत होती. हसून हसून मीच आधी म्हणाले लागली, म्हणजे दुसऱ्यानं म्हणाच्या आत होऊन जाते. पण आत एक कुसळ राह्यलं होतं गं. मी झोपली नव्हती. अन् खरं सांगू? एवढी वर्षं साऱ्यायनं सांगतलं का मलेही वाटाले लागलं, लागला असन डोळा. आपण जागे होतो हे आपल्यालेच खात्रीनं सांगता येत नाई, हे किती वाईट आहे, तुले अजून नाई समजणार.

म्हणून मी विचारलं होतं, हे मागं जाते काय.

तू दोन दिवस त्यातच घातले. नेटवर्कसाठी शाळेच्या ओट्यावर जाऊन बसत होती, अन् गावातल्या बायका मले विचारत होत्या, पोरगी रुसली काय. जेवाले हाक मारली तर म्हणे, "थांब आजी, शुक्र चुकतोय." मी म्हटलं, तो चुकणाराच आहे, माझा पंचेचाळीस वर्षांचा अनुभव आहे.

साल कोणतं, हाच मोठा घोळ होता. लग्नाची पत्रिका उंदरानं खाल्ली. तुझा आजोबा म्हणे अठ्ठ्याहत्तर, मी म्हणत होती एक्क्याऐंशी. तवा मोठी आजीच बोलली बाजेवरून, "ग्रहण लागलं होतं ना त्या साली. दुपारीच उजेड फिका पडला, कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या. हिले मी घरात कोंडून ठेवली होती. त्याच्या मागूनच मोह पडला."

तू टुणकन उडी मारली. ग्रहणाचं साल कॉम्प्युटरले बरोबर माहीत राहते, माणसाच्या लग्नाचं नाई राहत. त्या मोहाचं साल ऐंशी निघालं, म्हणजे लग्न एकोणऐंशीच्या उन्हाळ्यातलं. फेब्रुवारीत दुपारी मोठं सूर्यग्रहण. म्हणून हेही लिहून ठेव, तुझ्या प्रोजेक्टात ग्रहणं टाक, सारी, मागची अन् पुढची. आमच्यासारख्यायले साल सापडाले दुसरी खूण नाई. आम्ही म्हणतो ग्रहण लागलं तवा पोरगी झाली, पूर आला तवा सासरा गेला. अशी माणसं तुझ्या त्या तारखेच्या चौकटीत काय टाइप करतीन?

चौथ्या दिवशी दुपारी तू हाक मारली. पडद्यावर खाली काळी जमीन, वर आभाळ, अन् उगवतीले एक काडी अन् काडीवर हिरवा गोळा.

"हे काय आहे?"

"मोहाचं झाड, आजी."

"हे मोह आहे का फुलकोबी?"

"नंतर नीट काढते. आता बघ ना!"

मोठी आजीही मांडीवरच्या शेंगांसकट सरकून बसली. तू घड्याळ लावलं, मोहाच्या दिवसातली पहाट. तीन वाजले. साडेतीन. चार. फुलकोबीच्या मागून बारीक बारीक चांदण्या वर येत होत्या. मी ओळखत होती गं त्यायले. साऱ्यायले नाई, पण ती बारीक एक अन् तिच्यामागची दुसरी, अशाच आल्या होत्या. साडेचार. पाच. उगवतीले पांढुरकं झालं, मंग तांबडं. सुकीर नाई.

माझ्या हातात पाण्याचा गिलास होता, तो तसाच धरून राह्यली.

"मग गेला कुठे शुक्र?" तू आपल्याशीच म्हणाली अन् घड्याळ संध्याकाळकडे फिरवलं, तोंड मावळतीकडे केलं. तर तिथी! दिवाबत्तीच्या वेळेले, उंच, एवढी ढणढणीत. मी ओरडलीच, "हे तर मी रोज पाहत होती, भाकरी थापताना!" रोज माझ्या डोक्यावर होती ती, अन् मले काय माहीत ती तीच आहे? मले वाटे सांजेची चांदणी वेगळी अन् पहाटेची वेगळी. तू समजावलं, का शुक्र सूर्याच्या आतल्या रिंगणात फिरते, म्हणून काई महिने सूर्याच्या पुढं निघते अन् काई महिने मागं राहते. पुढं असली तर पहाटे, मागं असली तर सांजेले. दोन्ही ठिकाणी एका वेळी नाई. पहिल्या दिवशी तुझी ती रिंगणं फिरताना मले भिंगरी दिसली होती. त्या दिवशी त्या भिंगरीतून माझी एक पहाट बाहेर आली.

मोठी आजी म्हणाली, "पुन्हा लाव."

तू पुन्हा लावलं. नाई निघाली.

"बिघडलं असन."

"नाही गं मोठी आजी, बिघडलं नाही."

"बरं. त्याच्या मागचं साल लाव."

तू मागचं साल लावलं, तेच मोहाचे दिवस. अन् साडेचारच्या सुमाराले झाडामागून ही एवढी सुकीर निघाली. मोठ्या आजीनं मांडीवर थाप मारली, शेंगा साऱ्या खाली. "पाह्य! होती! म्हणजे मी खोटी नाई."

"नाही, तू खोटी नाही."

"अन् ही?" माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं.

"आजीपण नाही. आजी जागीच होती."

मोठ्या आजीनं खाली पडलेल्या शेंगा गोळा केल्या. मंग माझ्याकडे वळली अन् म्हणाली, "बाई, चांदणी नाई आली, कबूल. पण उजेड झाल्यावर तरी उठवावं का नाई माणसानं? सूर्य वर आला तवा काय वाटलं तुले, सुकीरच मोठी होऊन आली?"

आपण तिघी किती हसलो. तुझा आजोबा आतून उठून आला काय झालं पाहाले, अन् तुले आठवते, तो उठून आला म्हणून आपण अजून हसलो.

इथवर तुले माहीत आहे. यानंतरचं तू गेल्यावरचं आहे, अन् त्याच्यासाठीच मी खरं म्हणजे वही घेतली.

तू गेली त्याच्या आठ दिवसांनी गल्लीत बारसं होतं. माझी भाजी घरी आटपली नाई, म्हणून मी उशिरा पोहोचली. तशी एक बाई सवयीनं म्हणालीच, "या, निघाली काय सुकीर?" बाकीच्या हसल्या, मीही तोंड हसाले तयार केलं. तर भिंतीले टेकून बसलेली मोठी आजी खणकन बोलली, "जागी होती ती. चांदणीच आली नव्हती त्या साली. कॉम्प्युटरमध्ये आहे." अन् वर त्या बाईले म्हणाली, "तुले पाहाचं असन तर नागपूरले जा."

कोणाले काई समजलं नाई, कॉम्प्युटरमध्ये काय आहे अन् नागपूरले काय पाहाचं. पण मोठ्या आजीनं चारचौघीत म्हटलं, त्याच्यापुढं बोलाची हिंमत कोणाले? मी पाळण्याची दोरी धरली अन् हलवत राह्यली, जरा जोरातच. बाळाची आई म्हणाली, "हळू, काकू."

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोठ्या आजीच्या डोक्याले तेल लावून राह्यली होती. केस आता मूठभरही नाईत, पण तेल रोज लागते. ती एकदम म्हणाली, "एक सांगू? रागवू नको."

"सांगा."

"मी कवाच सुकीर पाहून उठली नाई."

मी तेलाची वाटी खाली ठेवली.

"मले माझ्या सासूनं सांगतलं होतं, सुकीर निघाली का उठ. मी तुले तेच सांगतलं. मले तर आपोआप जाग येत होती, ढोरं गळ्यातल्या घंट्या वाजवत उठली का. उठली का टोपली घेतली, निघाली. खाली पाहून चालाचं का वर? अस्वल खाली राहते."

पंचेचाळीस वर्षं! मी तिचे केस तिथंच ओढून ठेवावे, असं मनात आलं, तुले खोटं काऊन सांगू. पण ती पाठमोरी बसली होती, अन् तिची मान इतकी बारीक दिसली. मी म्हटलं, "मंग तुमच्या सासूनं तरी पाह्यली होती काय?"

"कोण जाणे. तिलेही तिच्या सासूनं सांगतलं असन." अन् मंग म्हणाली, "त्या पोरीच्या कॉम्प्युटरच्या डब्यात पाह्यली मी पहिल्यांदा, मोहामागून निघताना. चांगली दिसते वो."

तेव्हापासून ती रोज काईतरी विचारते. पोरीनं झाड नीट काढलं काय. माझा आवाज टाकला काय. येत्या मोहाले सुकीर पहाटे राहीन का सांजेले. तू पाहून गेली होती, पहाटे राहीन म्हणाली होती, ते मी तिले दहा वेळा सांगतलं. काल म्हणाली, "मंग एक डाव मलेही पाहाची आहे. डब्यात नाई. झाडाखालून. मी किती मोह पाहीन अजून?"

म्हटलं, थंडी राहते पहाटे, कंबर धरन. तर म्हणते, बाज न्या झाडाखाली. अस्वल आलं तर? म्हणते, त्याले म्हणा, म्हातारी आहे, चव नाई.

आता तूच सांग, तिले नाई कसं म्हणू? पण नेमका कोणता दिवस, किती वाजता निघणार, झाडाच्या कोणत्या अंगानं, हे मले सांगता येत नाई. ते गणित तुझ्यापाशी आहे. फोनवर तू म्हणाली, आजी, अंगणाचा अन् झाडाचा फोटो पाठव, मी इथून बसवते. नाई पाठवणार. मोह किती उंच आहे, कोणत्या बाजूले वाकला, त्याच्या अन् आपल्या मधात किती आभाळ आहे, हे फोटोत मावत नाई. इथी येऊन उभी राह्य, डोळ्यानं माप, मंग तुझ्या सूर्यमालेत टाक. तुझ्या मास्तरानं विचारलं कुठी गेली होती, तर सांग, उभी राहाची जागा पाहाले गेली होती.

फुलं गळाले लागली का मंग कोणाले फुरसत राहणार नाई. त्याच्या आधी ये. सुट्टी नसली तर मागून घे, नाई दिली तर मोठ्या आजीचं नाव सांग. ती रोज दुपारी एसटीचा आवाज आला का मान वर करते अन् मले विचारते, आली काय. मी म्हणते, येईन ती. लवकर ये, बाई.